ॲडम्स फॅमिली पिनबॉल: आधी खोल्या की आधी तिजोरी?

स्प्रिंगवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढतोय.

आम्ही काम करतो तिथल्या विश्रांतीच्या खोलीत गेल्या वर्षी एक जुनं पिनबॉल मशीन आलं. बॅली कंपनीचं, १९९२ सालचं 'द ॲडम्स फॅमिली', त्याच नावाच्या चित्रपटातल्या विचित्र कुटुंबावर बेतलेलं. आराखडा पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांचा, चित्रं जॉन यूसी यांची. त्याआधी पिनबॉल म्हणजे बटणं बडवायची आणि गोळी खाली गेली की हळहळायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आता रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं हे मशीन मला बोलावतं, आणि मी जातोच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधोमध एक वाडा रंगवलेला आहे, त्यात बारा खोल्या. विजेच्या खुर्चीच्या भोकात बॉल घातला की त्या वेळी लुकलुकत असलेली खोली सुरू होते. कुठे ठरावीक वेळात बॉल रॅम्पवर, म्हणजे चढाच्या वाटेवर, मारायचा, कुठे लांब केसांच्या कझिन इटला ठोकायचं, तर कुठे नुसतेच ३० लाख, ६० लाख किंवा ९० लाख गुण हातावर. बाराही खोल्या झाल्या की वाड्याची सहल, तिचे ५ कोटी.

दुसरीकडे पुस्तकांचं कपाट आहे. त्यावर बॉल आपटला की जी-आर-ई-ई-डी या शब्दाचं एकेक अक्षर पेटतं. शब्द पुरा झाला की कपाट खरोखर गर्रकन फिरतं, मागची तिजोरी उघडी पडते, आणि तिथून मल्टिबॉलकडे, म्हणजे एकाच वेळी तीन बॉल खेळण्याकडे, वाट जाते.

माझा प्रश्न हा. बॉल फ्लिपरवर (बटण दाबलं की उडतो तो खालचा दांडा) शांत उभा आहे, खुर्चीचा दिवा पेटलेला आहे आणि कपाटाची दोन अक्षरं बाकी आहेत. तुम्ही काय माराल? मी दर वेळी शेवटच्या क्षणी मन बदलतो आणि बॉल दोन्हींच्या मधल्या खांबावर जातो. आजवरचा माझा सर्वोत्तम डाव सात खोल्यांचा.

कवडसा

खुर्ची. डोळे मिटून खुर्ची.

पाचवा फ्लिपर

डोळे मिटलेत म्हणूनच मधल्या खांबावर जातो तो बॉल. :)

ठोकळा

स्प्रिंगवाला, धाग्याबद्दल आभार. या मशीनवर मी माझी कॉलेजची वर्षं काढली आहेत, तेव्हा मनापासून लिहितो.

आधी खोल्या. कपाट बरोबर समोर, मोठं आणि सपाट आहे, म्हणून सोपं वाटतं. पण त्यावर सरळ आपटलेला बॉल तितक्याच वेगाने सरळ परत येतो, आणि सरळ खाली काय आहे? दोन फ्लिपरमधली फट. नेम चुकला तर बॉल जातो हे कुणालाही कळतं. इथे नेम लागला तरी जाऊ शकतो. खुर्चीचं तसं नाही. नेम लागला की बॉल आत गडप, खालच्या बोगद्यातून फिरून बाहेर येणार, तोवर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

शिवाय अक्षरं आपोआपही पेटतात. खुर्ची किंवा रॅम्प हुकलेले कितीतरी बॉल कपाटावर जाऊन आपटतात. मग त्यासाठी मुद्दाम नेम का धरायचा?

पाचवा फ्लिपर

@ठोकळा, शेवटच्या मुद्द्यापर्यंत सहमत होतो.

आपोआप पेटतात हे पहिल्या तीन अक्षरांपुरतं ठीक. शेवटचं अक्षर राहिलं की ते आपोआप कधीच पेटत नाही, हा माझा अनुभव. आणि तुम्ही मल्टिबॉलची किंमत कमी धरताय. तीन बॉल वर असताना दोन एका फ्लिपरवर धरून ठेवायचे आणि तिसऱ्याने सावकाश नेम घ्यायचा. पूर्ण डावात एवढी निवांत वेळ दुसरी मिळत नाही. एक बॉल गेला तरी डाव चालू राहतो. जॅकपॉट तर वेगळाच.

माझा क्रम असा: पहिल्या बॉलवर कपाट, एक मल्टिबॉल पदरात, मग खोल्या. खिशात गुण असले की खोल्या खेळताना हात थरथरत नाही.

निळी शाई

मी पिनबॉल कधी खेळले नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. एक भाबडा प्रश्न. हा शेवटी नशिबाचाच खेळ ना? गोळी कुठे उडेल ते कुणाच्या हातात असतं? मग एवढी व्यूहरचना कशासाठी?

जुना खेळाडू

@निळी शाई, ताई, तुमच्या या एका प्रश्नावरून न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर तीस वर्षांहून जास्त बंदी होती! महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये हा जुगार ठरवला आणि पोलिसांनी मशीनं हातोड्यांनी फोडली. त्या काळी आरोपात तथ्य होतं, कारण फ्लिपरच नव्हते. स्प्रिंग ओढून गोळी सोडायची, मशीनला थोडे धक्के द्यायचे आणि ती कुठल्या भोकात पडते ते बघत राहायचं. फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर. तेव्हापासून बॉल परत वर मारणं खेळणाऱ्याच्या हाती आलं.

बंदी उठली ती १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर मशीन खेळून दाखवलं. शेवटी त्याने स्प्रिंग ओढण्याआधीच बॉल कुठल्या वाटेने जाईल ते सांगितलं, आणि बॉल तिथूनच गेला. त्या एका बॉलने काम केलं.

नशीब आहेच. पण स्पर्धांमध्ये पुन्हा पुन्हा तीच माणसं वर येतात. निव्वळ नशीब असतं तर तसं झालं नसतं.

निळी शाई

बाप रे, हातोड्यांनी! धन्यवाद काका. आता पुढचं वाचते.

सांख्यिक

खुर्ची की कपाट हा वाद थोडा गणिताने बघू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, मोजलेले नाहीत.

समजा खुर्चीला तुमचे दोनातले एक फटके लागतात. बारा खोल्यांसाठी बारा फटके लागायला हवेत, म्हणजे सरासरी चोवीस प्रयत्न आणि बारा चुका. आता समजा दर चार चुकांतली एक बॉल घालवते. बारा चुकांत तीन बॉल गेले. डावात मिळतात तीनच. थोडक्यात, सहल होता होता डाव संपला.

आता सुधारणा दोन प्रकारे करता येईल.

पहिली, नेम सुधारा. दोनातल्या एका ऐवजी तिनातले दोन फटके लावा. मग अठरा प्रयत्न, सहा चुका, दीड बॉल गेला.

दुसरी, नेम तोच ठेवा, पण चुकलेला बॉल परत आल्यावर सांभाळायला शिका. चारातल्या एका ऐवजी आठातली एकच चूक जीवघेणी होऊ द्या. बारा चुका, पुन्हा दीडच बॉल गेला.

दोन्हींचं फळ सारखं. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा लवकर शिकता येते. आणि ती शिकली की कपाटही खुर्चीइतकंच सोपं होतं, म्हणजे मूळ प्रश्नाची धारच कमी होते. खुर्ची पुन्हा पेटवायला मध्ये आणखी फटके लागतात ते मी धरलेले नाहीत, त्यामुळे खरं चित्र याहून कठीण.

ठोकळा

@सांख्यिक, उत्तम मांडलंत. एक दुरुस्ती: बारा नाही, तेरा. बाराव्या खोलीनंतर प्रश्नचिन्ह पेटतं, आणि ते घ्यायला पुन्हा खुर्चीतच जावं लागतं. तो तेरावा फटका सगळ्यांत जड जातो.

सांख्यिक

बरोबर, तेरा. म्हणजे डाव आणखी तंग.

आडवाटेचा पांथस्थ

थोडा वेगळा सूर लावतो. या मशीनचं एवढं कौतुक का, हे मला नीटसं पटलेलं नाही. चित्रपट आला १९९१ मध्ये, मशीन १९९२ मध्ये. लोकांना ओळखीचे चेहरे दिसले आणि ते धावले. मला स्वतंत्र कल्पनेवरची मशीनं जास्त आवडतात. ब्रायन एडीचं 'मिडीव्हल मॅडनेस' घ्या, १९९७ चं. कुठल्याही चित्रपटाचा आधार नाही. मधोमध किल्ला, पूल खाली पाडायचा, दार तोडायचं, किल्ला ढासळतो. समोर आलेल्या नवख्या माणसाला एक वाक्यही समजावून सांगावं लागत नाही. ॲडम्सच्या बारा खोल्यांची यादी मी अजून बघून वाचतो.

मंदाकिनी

@आडवाटेचा पांथस्थ, किल्ल्याबद्दल शंभर टक्के सहमत, ते मशीन देखणंच आहे. पण ॲडम्सला नुसत्या ओळखीच्या चेहऱ्यांचं म्हणणं हा अन्याय आहे.

चित्रपटांवरून मशीनं तेव्हाही ढिगाने निघत होती. काचेवर पोस्टर, आत नेहमीचे रॅम्प. इथे तसं नाही. या कुटुंबाच्या घरात एक सुटा हात आहे, थिंग. मशीनमध्येही पेटीचं झाकण उघडतं, हात वर येतो, चुंबकाने बॉल उचलतो आणि पेटीत घेऊन जातो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फ्लिपर दाबायचं विसरून नुसती बघत राहिले होते. चोरदरवाजा असलेलं कपाट आहे, ते फिरतं. घरात भुताटकी आहे, तर मैदानाच्या खाली तीन चुंबकं आहेत आणि बॉल वाटेतच वळतो. प्रत्येक गोष्ट आधी या घराची आहे आणि मग खेळाचा भाग आहे. रॉल हुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी या मशीनसाठी वेगळे संवादही ध्वनिमुद्रित केले. माझा फटका लागला की हुलियाचा गोमेझ, म्हणजे कुटुंबप्रमुख, खूश होतो, आणि तो आनंद खरा वाटतो.

आणि विक्रीचं म्हणाल, तर २०,२७० मशीनं बनली. वर १९९४ मध्ये सोनेरी सजावटीची खास आवृत्ती आली. 'मिडीव्हल मॅडनेस' चार हजारांच्या आसपास. मान्य, तोवर सगळा धंदाच आटला होता आणि १९९९ मध्ये 'मिडीव्हल मॅडनेस' बनवणाऱ्या विल्यम्सने पिनबॉल बंदच केलं. पण वीस हजार मशीनं नुसत्या चेहऱ्यांवर खपत नाहीत. जत्रेतला पाळणा माणूस एकदा बघून सोडून देतो. इथे लोक दुसऱ्या दिवशी परत येत होते.

आडवाटेचा पांथस्थ

हात आणि कपाट यांचा मुद्दा मान्य. ते दोन्ही काढले तर मशीन वेगळं होईल, हे खरं. यादी मात्र मी अजूनही बघूनच वाचणार.

विजेरी

मी ही मशीनं दुरुस्त करते, म्हणून दोन शब्द आतल्या बाजूने.

या मशीनवर फ्लिपरचा विद्युतप्रवाह बटणातून थेट जात नाही. बटण संगणकाला कळवतं आणि संगणक फ्लिपर उडवतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळेच 'थिंग फ्लिप्स' शक्य झालं. डाव्या बाजूला वर एक छोटा फ्लिपर आहे. ठरावीक वेळी बॉल त्याच्याकडे येतो तेव्हा मशीन स्वतःच तो उडवतं आणि 'दलदल' नावाच्या भोकावर नेम धरतं. बॉल आला की सेन्सरमुळे कळतं, मग किती थांबून उडवायचं हे ते आधीच्या यशापयशावरून जुळवून घेत राहतं. लवकर उडवलं होतं का उशिरा, त्यावरून पुढच्या वेळी बदल. १९९२ मध्ये! मशीन नवीन जागी बसवलं किंवा उतार बदलला की सुरुवातीला त्याचे नेम चुकतात आणि काही दिवसांत ते सुधारतात. मला दर वेळी त्याचं कौतुक वाटतं.

स्प्रिंगवाला, तुमच्या मशीनबद्दल तीन गोष्टी तपासून घ्या.

बॉल बदला. चुंबकांमुळे बॉल हळूहळू स्वतःच चुंबकीय होतात. मग ते एकमेकांना चिकटतात आणि मल्टिबॉलसाठी बॉल अडवून ठेवतात त्या लॉकच्या जागी विचित्र वागतात. दोन बॉल एकमेकांना लटकून राहतात का ते बघा.

उतार बघा. साधारण साडेसहा अंश हवा. पाय कमी उचललेले असतील तर खेळ गोगलगाईसारखा होतो आणि शिकलेले नेम दुसऱ्या मशीनवर कामाला येत नाहीत.

मैदान पुसून मेण लावा. काळी धूळ रॅम्पवर चढणाऱ्या बॉलचा वेग खाते. अर्ध्या रॅम्पवरून परत येणारे फटके बहुतेक वेळा तुमचे नसून धुळीचे असतात.

स्प्रिंगवाला

विजेरीताई, फार उपयोगी माहिती! आजच झाकण उघडायला सांगतो. आमचे दोन बॉल खरंच एकमेकांना चिकटतात. मला वाटायचं तेलकट झालेत.

@सांख्यिक, तुमचा हिशोब छापून मशीनच्या शेजारी लावलाय. पण 'चुकलेला बॉल सांभाळायला शिका' म्हणजे नेमकं काय करायचं? मी तर बॉल खाली येताना दिसला की दोन्ही बटणं दाबतो.

ठोकळा

हेच ते. दोन्ही बटणं एकदम दाबू नका! दोन्ही फ्लिपर वर गेले की मधली फट मोठी होते आणि बॉलला राजमार्ग मिळतो. आज एवढी एकच सवय मोडलीत तरी पुरे.

त्यानंतर 'डेड बाउन्स' शिका. बॉल एका फ्लिपरकडे वेगात येतोय, तर काहीच करायचं नाही. फ्लिपर खालीच ठेवायचा. बॉल त्याच्या रबरावर टप्पा घेतो आणि टुणकन दुसऱ्या बाजूला जातो, तोवर त्याचा निम्मा वेग गेलेला असतो. तिकडचा फ्लिपर वर धरून त्याला बगलेत घ्यायचं. झाला बॉल उभा. पहिले काही दिवस हात शिवशिवतो, बटण दाबल्यावाचून राहवत नाही. ते सहन करा.

दलदलीतून बाहेर उडणाऱ्या बॉलवर हा सराव सर्वांत चांगला होतो, कारण तो दर वेळी जवळजवळ त्याच वाटेने येतो. दहा वेळा नुसतं बघा, कुठे टप्पा पडतो ते.

पाचवा फ्लिपर

+१. आणि डेड बाउन्स जमला की 'ड्रॉप कॅच': फ्लिपर वर धरायचा आणि बॉल लागायच्या क्षणी सोडून द्यायचा. झेल घेताना हात मागे नेतो तसं. बॉल तिथेच मरून पडतो. मल्टिबॉलमध्ये याच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

कवडसा

मशीनला धक्का देणं चालतं का? आमच्याकडे एक जण म्हणतो ती फसवणूक आहे.

जुना खेळाडू

अजिबात फसवणूक नाही, खेळाचा भाग आहे. म्हणून तर टिल्टची सोय केलीय. आत एक लोलक टांगलेला असतो, त्याच्याभोवती धातूची कडी. तुम्ही जास्त हलवलं की लोलक कडीला टेकतो, इशारा मिळतो, आणि इशारे संपले की बॉल गेला. म्हणजे हलवायची मर्यादा मशीनच सांगतं, आणि त्या मर्यादेपर्यंतचा हक्क तुमचा.

फक्त एक लक्षात ठेवा. लोलक एकदा हलला की काही वेळ झुलत राहतो. लागोपाठ दुसरा धक्का दिलात तर पहिला छोटा असूनही टिल्ट होतो. एक धक्का, मग थांबा. स्पर्धांमध्ये गेलेला बॉल मशीन आपटून परत आणण्याच्या युक्त्यांना बंदी असते, तेवढं सोडा.

मंदाकिनी

अवांतर: हलवताना कधी कधी मनगटाऐवजी अख्खं शरीर झुकतं, तेही मला आवडतं. माणूस एका पोलादी गोळीसाठी इतका जीव टाकतो. ती गोळी जेमतेम ८० ग्रॅमची.

निळी शाई

तुम्ही सगळे इतकं लिहिताय की मी काल रात्री संगणकावर सिम्युलेटर उतरवून घेतला. हेच मशीन मिळालं. दोन खोल्या झाल्या! पण मधेच बॉल वेड्यासारखा गोल फिरायला लागला आणि मी घाबरून सगळी बटणं दाबली. तीच का ती चुंबकं?

ठोकळा

अभिनंदन! हो, तीच. मशीनवर त्याला 'द पॉवर' म्हणतात. सेआन्स नावाच्या खोलीत, म्हणजे भुतांना बोलावण्याच्या बैठकीत, रॅम्प मारायचे असतात आणि खाली चुंबकं चालू होतात. मल्टिबॉलमध्येही ती छळतात.

उपाय एकच: वाट बघा. चुंबकांच्या पट्ट्यात असलेल्या बॉलबद्दल काही ठरवूच नका. तो बाहेर पडून खाली येऊ लागला की मग बघा. आणि फटका मारताना बॉल त्या पट्ट्यातून जितका वेगात जाईल तितका कमी वळेल, म्हणून तिथे अर्धवट फटका नको.

निळी शाई

म्हणजे पुन्हा 'काही करू नका' हाच सल्ला. या खेळात न दाबणं शिकायला इतका वेळ लागतो, हे मला फार आवडलं.

सांख्यिक

सिम्युलेटरवर वाटा, नियम आणि क्रम छान पाठ होतात. धक्का देणं मात्र खऱ्या मशीनवरच शिकता येतं. लाकडाचा कंप हाताला लागल्याशिवाय ते कळत नाही.

विजेरी

आणि खऱ्या मशीनमधून तो एक 'ठक्' आवाज येतो. फुकट डाव मिळाला की आत लाकडावर ठोका बसतो आणि खोलीतले सगळे मान वळवून बघतात. तो अजून कुठल्याही स्पीकरमधून तसा ऐकलेला नाही.

पाचवा फ्लिपर

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. खोल्या घ्यायच्या ठरवल्या तर कुठली आधी, यावर कुणी बोललंच नाही.

वरचे बंपर, म्हणजे बॉलला उडवून लावणारे गोल खांब, बॉलने वाजले की लुकलुकणारी खोली बदलते. म्हणजे निवड थोडीफार आपल्या हातात आहे. फटका मारण्याआधी अर्धा सेकंद वाड्याकडे नजर टाका. बॉल फ्लिपरवर उभा असेल तरच हे शक्य आहे, म्हणून वरचं सगळं पुराण. मी ३०, ६० आणि ९० लाखांच्या खोल्या शेवटी ठेवतो, कारण त्यांत काहीच करावं लागत नाही. दमलेल्या हातांना त्या बऱ्या. मामुश्का आणि सेआन्स या खोल्या आधी.

मंदाकिनी

माझं नेमकं उलटं. फुकटच्या खोल्या आधी, म्हणजे आकडा लवकर वाढतो. पण तुमचं कारण ऐकल्यावर विचार करावासा वाटतोय.

आणखी एक, नवीन मंडळींसाठी. खोली मोजली जाते ती सुरू केली की. आत दिलेलं काम पूर्ण झालं नाही तरी वाड्यात दिवा पेटलेला राहतो. मी कितीतरी महिने प्रत्येक खोली जिवावर उदार होऊन खेळत होते, आणि तीच चूक होती. जोखमीची खोली सुरू करा, वेळ संपू द्या, बॉल सांभाळा.

स्प्रिंगवाला

हे मला माहीत नव्हतं! मी सेआन्सला घाबरून ती कायम टाळत आलोय. सुरू करणं पुरेसं असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

ठोकळा

माझं मात्र बेअर किकच्या रॅम्पचं सांगायचं राहिलं. अस्वलाचा तो मधला रॅम्प सतत मारत राहिलात की पुढे एक्स्ट्रा बॉल पेटतो. सांख्यिकांच्या हिशोबात तिनाचे चार बॉल झाले तर सहलीचं गणित पुष्कळ सैल होतं. शिवाय चढून गेलेला बॉल ओळखीच्या वाटेने परत येतो. मन स्थिर नसेल तेव्हा मी खुर्ची आणि कपाट दोन्ही सोडून दोन-तीन वेळा अस्वल मारतो. हात बसतो.

आडवाटेचा पांथस्थ

तिसरा पर्याय! प्रश्न खुर्ची की कपाट होता, आणि उत्तर अस्वल निघालं.

स्प्रिंगवाला

मंडळी, नऊ दिवसांनी परत आलोय.

बॉल बदलले, मैदान पुसलं, मेण लागलं. पहिल्या दिवशी मशीन इतकं वेगवान झालं की दोन खोल्यांवरच डाव आटोपला. दोन्ही बटणं दाबायची सवय मोडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दलदलीतला बॉल पहिल्यांदा काहीही न करता एका फ्लिपरवरून दुसऱ्यावर गेला आणि तिथे उभा राहिला. एवढ्याशा गोष्टीने मी मोठ्याने ओरडलो.

काल दुपारी पहिल्या बॉलवर चार खोल्या झाल्या, त्यांत सेआन्स. सुरू केली, बॉल धरला, वेळ संपू दिली. दुसऱ्या बॉलवर अस्वलाने एक्स्ट्रा बॉल दिला आणि आणखी चार खोल्या. कपाट मी मुद्दाम एकदाही मारलं नाही, तरी चार अक्षरं पेटली. पाचवा फ्लिपर म्हणाले तसं शेवटचं अक्षर काही आपोआप पेटलं नाही. एक्स्ट्रा बॉलवर तीन. अकरा खोल्या! मागे सहा-सात जण उभे होते, कुणी बोलत नव्हतं.

राहिली होती ९० लाखांची. तिसरा बॉल उजव्या फ्लिपरवर उभा, खुर्ची पेटलेली, कपाटाला एक अक्षर कमी. या वेळी मन बदललं नाही. खुर्चीच मारली. ती लागली, बाराही दिवे पेटले, आणि प्रश्नचिन्ह लुकलुकायला लागलं.

तेरावा फटका अर्ध्या बोटाने हुकला. बॉल कपाटावर गेला, शेवटचं अक्षर पेटलं, कपाट फिरलं, तिजोरी उघडली, आणि बॉल त्याच वाटेने सरळ खाली आला. मी फ्लिपर खाली ठेवून वाट बघितली, पण तो फटीतूनच गेला.

ठोकळा

बारा! अरे बारा म्हणजे काय थोडं झालं! तो तेरावा माझाही दोन वर्षं हुकत होता.

सांख्यिक

तीन बॉल आणि एक एक्स्ट्रा, बारा खोल्या. हिशोबाच्या बराच पुढे गेलात.

पाचवा फ्लिपर

आणि तिजोरी उघडीच राहिली. बघवत नाही.

निळी शाई

माझ्या सहा झाल्या. उद्या किती वाजता खेळताय? मी इकडे सिम्युलेटर चालू ठेवते.

स्प्रिंगवाला

जेवणानंतर. सव्वा वाजता.